गाल फुगव, फुंकू नकोस

शमिका आगटे मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि ते मी कोणापासून लपवलंही नाही. पोरगी वाईट असती तर गोष्ट सोपी होती. हिनं दारात बूट जोडीनं काढून ठेवले, "नमस्ते काकू" म्हणत पायाशी वाकली आणि आईचा दवाखाना जयपूरजवळच्या चौमूंला, म्हणून तिथल्या ताज्या मटारची पिशवी माझ्या हातात दिली. आता अशा मुलीचा राग राग करायला किती कष्ट पडतात, तुम्हीच सांगा. मी ते कष्ट घेतले.

कारण हिच्यामुळे माझ्या नवऱ्याची खंबाटकी गेली होती.

थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल बाई भलतंच काहीतरी बडबडतेय. माझे यजमान मोरेश्वर निकम. इथं जयपुरात, मानसरोवरच्या एका शाळेत बँडमास्तर आहेत. शाळा उघडली तेव्हापासून आहेत. मूळचे आम्ही वाईजवळच्या खेड्यातले. हे कोवळ्या वयात फौजेत भरती झाले ते बंदूक मिळणार म्हणून, आणि तिथं कोणा साहेबाला ह्यांची छाती बघून वाटलं की हा फुंकायला बरा. पाठवलं बँडमध्ये. ह्यांना हवा होता ट्रम्पेट, पण ट्रम्पेट वाटून झाले होते. उरलं होतं युफोनियम. म्हणजे पितळेचं ते मोठं, पोटाशी धरून वाजवायचं वाद्य, तान्ह्या पोरासारखं मांडीवर घ्यावं लागतं. आवाज मात्र जाड आणि मायेचा. "जे कुणी नको म्हणून टाकलं, तेच माझ्या गळ्यात पडलं," असं हे सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे बघून हसतात. मी नाही हसत.

शेवटची बदली जयपूरची. पेन्शन घेतली, शाळेत नोकरी लागली आणि आम्ही इथलेच झालो. पेन्शनीतून ह्यांनी पहिली वस्तू आणली ती जुनं युफोनियम. खोलीतला उजेडाचा कोपरा त्याला मिळाला आणि माझं शिलाई मशीन गॅलरीत गेलं. तिथं ते आजतागायत आहे. युफोनियमला मी हात लावायचा नाही, हाताच्या घामानं पितळ काळं पडतं म्हणे. मी भांडी घासून लखलखीत करते ती पितळेची नाहीत की काय? पण नाही. पुसणार तेच, झाकणार तेच. लोकांच्या घरात सवत येते ती बोलते-भांडते तरी. माझी मेली कोपऱ्यात बसून नुसती चमकते.

तर खंबाटकी. शाळेच्या पहिल्या वार्षिकोत्सवाला ह्यांनी एक कूच लिहिली, बँडची चाल, पावलं टाकत वाजवायची. आधी चढ, मग माथ्यावर थोडं रेंगाळणं, मग भराभर उतार. आमच्याकडच्या घाटासारखी, म्हणून नाव खंबाटकी. दर वार्षिकोत्सवाची सुरुवात तिनंच. राजस्थानातल्या पोरांनी वर्षानुवर्षं ती वाजवली. एकानंही तो घाट पाहिलेला नाही, पण चढाला सगळ्यांना बरोबर धाप लागायची.

शाळेच्या बँडसाठी लिहिणं हे वेगळंच काम आहे बरं का. मला काही कळत नाही संगीतातलं, पण इतकी वर्षं एकाच छताखाली राहून कानावर पडतंच. परदेशात म्हणे असले संगीतकार असतात, जे जन्मभर फक्त शाळेतल्या पोरांसाठीच लिहितात. पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी वेगळं, तिसऱ्या वर्षाच्यांसाठी वेगळं. हे त्यांची छापील पानं मागवायचे आणि देवाच्या पोथीसारखी वाचायचे. "बघ सुनेत्रा, बारा वर्षांच्या पोराला दातांवर तार असते, श्वास एवढासा, बोटं आखूड. त्याला झेपेल असं लिहायचं आणि ऐकणाऱ्याला ते थिटं वाटता कामा नये. शिंप्याचं काम आहे हे, ज्याच्या त्याच्या मापाचं." असं म्हणून हे कोणाच्या भागातला वरचा सूर काढून टाकायचे, कोणाला श्वास घ्यायला जागा ठेवायचे.

पण ज्याच्या अंगावर काहीच बसत नाही, त्याचं काय करायचं? त्यासाठी ह्यांनी फौजेतली एक रीत आणली होती. फौजेत मोठ्या साहेबांची पाहणी असली आणि बँडमधला एखादा आजारी पडला, तर लंगरच्या, म्हणजे फौजी भटारखान्याच्या, स्वयंपाक्याला गणवेश चढवून, हातात वाद्य देऊन उभा करत. रांग भरलेली दिसली पाहिजे, बस. शाळेतही तसंच. ज्या पोराला काही केल्या सूर लागत नाही, त्याला काढायचं नाही, रांगेत उभं करायचं आणि कानात सांगायचं, "बोटं हलव, गाल फुगव, फुंकू नकोस." पोरंच त्यांना सायलेंटवाले म्हणायची. दरवर्षी असे पाच-सहा असत. त्यांचे आईबाप पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर व्हिडिओ काढत, डोळे पुसत, आणि घरी जाऊन गावाकडे पाठवत. कोणाचं काय बिघडत होतं? पोर खूश, आईबाप खूश, सूर शुद्ध.

ह्या वर्षी शाळेला पंचवीस वर्षं झाली, आणि मार्चमध्ये हे निवृत्त होणार. म्हणजे यंदाची खंबाटकी शेवटची. ह्यांनी नवा फेटासुद्धा शिवायला टाकला होता, बांधता येत असून. दिवाळीची सुटी संपली आणि प्रिन्सिपल प्रणिता माथुर मॅडमनी ह्यांना बोलावलं. चहा पाजला. कोणी माथुर मॅडमच्या केबिनमध्ये चहा पिऊन आलं की समजावं, काहीतरी काढून घेतलंय. यंदा पावलं टाकत वाजवायचा बँड नको, म्हणाल्या. आता सगळीकडे सिम्फॉनिक बँड असतो. स्टेजवर खुर्च्या मांडून बसायचं, पुढे बासरी, क्लॅरिनेट, मागे हॉर्न, त्यामागे मोठे ढोल, आणि समोर एक जण छडी घेऊन उभा. त्यासाठी नवी रचना करणार आपलीच जुनी विद्यार्थिनी शमिका आगटे. जगतपुऱ्याला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करते आणि फावल्या वेळात शाळांच्या बँडसाठी लिहिते. परदेशातल्या शाळा तिची पानं विकत घेऊन वाजवतात.

"और खंबाटकी?" ह्यांनी विचारलं.

"इस बार रहने देते हैं, निकमजी. हर साल तो सुनते ही हैं."

घरी येऊन हे म्हणाले, "चांगलं आहे. नव्यांनी करावं." आणि बाजरीची भाकरी अर्धी तशीच ठेवली.

माझा जीव असा तळतळला म्हणून सांगू! ह्यांना कधी कोणावर जळता आलं नाही. फौजेत मागून आलेले पुढे गेले, हे त्यांच्या बढतीला पेढे खात बसले. म्हणून ह्यांच्या वाटचंही मलाच जळावं लागतं, आणि मी ते मन लावून करते. पण ह्या वेळी गंमत झाली. संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढायला गेले तर हे शिलाई मशीनपाशी, भिंतीकडे तोंड करून, कानात इअरफोन घालून बसलेले.

"काय ऐकताय?"

"काही नाही. त्या मुलीचं आहे. कुठल्याशा शाळेनं वाजवलंय."

"कसं आहे?"

"ठीक." एक इअरफोन काढला. "बरं लिहिते." दुसराही काढला. "पण कॉम्प्युटरवर लिहिलेलं. कॉम्प्युटरला कुठे धाप लागते? आणि तो हॉर्नचा तुकडा बघ, उगाच मिरवायला घातलाय. माझी पोरं हे वाजवताना तोंडावर पडतील."

जळत होते! माझा नवरा जळत होता! मला इतकं बरं वाटलं की मी रात्रीच्या आमटीत वरून तूप सोडलं.

त्यानंतर ती मटार घेऊन घरी आली, ते मी वर सांगितलंच. मराठी तिची अशीतशीच, जयपुरातच वाढलेली. "सर, मला सगळ्या बच्च्यांची माहिती हवी. मतलब, कोणाला कुठपर्यंत सूर येतो, कोणाचा श्वास छोटा आहे. मी त्यांच्या हिशोबानं लिहीन ना."

हे ह्यांचंच बोलणं की! शिंपी, माप, सगळं ह्यांचं. आणि ही पोरगी आपलंच असल्यासारखं बोलत होती. ह्यांनीही ताठ बसून एकेका हुशार पोराचं सांगितलं, हा असा, ती तशी. तिनं सगळं टिपून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "आणि सायलेंटवाले?"

ह्यांचा कप ओठाशीच थांबला. "असलं काही नाही आपल्याकडे."

"अच्छा," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, काय आगाऊ कार्टी आहे. जाताना म्हणते कशी, "काकू, हे युफोनियम अजून तसंच चमकतं!" ती काय आमच्या घरी आधी आली होती? नाही. मग हिला काय माहीत कसं चमकायचं ते! मी दार लावून घेतलं.

पुढच्या महिन्यात तिची पानं आली, प्रत्येक पोराच्या नावाचं वेगळं पान; सगळ्यांचं एकत्र लिहिलेलं पान मात्र तिनं स्वतःकडेच ठेवलं. त्यात यंदाच्या पाच सायलेंटवाल्यांचीही होती, शाळेतून नावं काढलीच होती तिनं. ह्यांनी ती पाच पानं टेबलावर पसरली आणि मोठ्यानं हसले. "हे बघ! एक सूर, मग चार मात्रा गप्प. पुन्हा तोच सूर, पुन्हा गप्प. अगं, पोरांना गप्प बसवायचं काम मी लिहून न देता करून घेत होतो!" दुसऱ्या दिवशी शाळेत तिला सांगून टाकलं की ह्या पाचांना तूच शिकव बाई, माझ्याच्यानं नाही व्हायचं. ती "हो सर" म्हणाली आणि दर रविवारी त्यांना जगतपुऱ्याला तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बोलवू लागली. बाकीच्या बँडची तयारी हे करून घेत होते, चोख. काम बुडवणं ह्यांच्या रक्तात नाही. पण त्या पाचांचा तुकडा आला की हे म्हणायचे, "इथं ती पाच जणं काहीतरी पूं पां करतील, ते सोडा, पुढे चला."

आता एक आतली गोष्ट. ही फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती. दिवाळीच्या सुटीत ह्यांचे वरचे पुढचे दात काढले, आणि कवळी बसली. खाणं-बोलणं ठीक, पण पितळेचं वाद्य फुंकायचं म्हणजे ते ओठांवर दाबावं लागतं, आणि ओठांमागे दात भक्कम उभे लागतात. ह्यांनी एकदाच प्रयत्न केला. सूर यायच्या आधी कवळीच खुळखुळली. वाद्य खाली ठेवलं, कापडानं झाकलं, आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. शाळेत गाऊन दाखवायचे, छडीनं दाखवायचे, कोणाला पत्ता नाही. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बरं झालं, सवतीचं तोंड बंद झालं. पण मला काही बरं वाटलं नाही. ह्यांच्यावाचून तो कोपरा फार गप्प झाला होता.

आणि नेमकं तेव्हाच माथुर मॅडमच्या डोक्यात आलं. सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर त्यांनी जाहीर केलं की निकमजी ह्या वर्षी आपल्या मुलांबरोबर बसून स्वतः युफोनियम वाजवणार, आणि छडी धरणार शमिका. टाळ्याच टाळ्या!

"म्हणजे हातवारे तिनं करायचे आणि तुम्ही पोरांत बसायचं?" मी कढई आपटलीच. "आणि वाजवणार कशानं? सांगून टाका ना, कवळी आहे म्हणून!"

"त्या पोरीसमोर?"

"मग काय करणार?"

ह्यांनी तोंड वळवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "बोटं हलवीन. गाल फुगवीन. माझ्या शेजारी आणखी एक युफोनियमवाला आहे, त्याचा आवाज पुरे."

मला हसू फुटलं, आणि फुटल्या फुटल्या विझलं. खंबाटकी तर गेलीच होती. आता हा माणूस आपल्या शेवटच्या वार्षिकोत्सवात लंगरचा स्वयंपाकी होऊन बसणार होता.

त्यात आणखी काय व्हावं? एके दिवशी मी फोडणी देत होते आणि हे मटार सोलता सोलता गुणगुणायला लागले. सुंदर चाल होती, वळत वळत खाली येणारी. मी विचारलं, ही कुठली? तर हे चपापले. तिची होती! माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या मोहरीवर, तिची चाल! "खंबाटकी कधी गुणगुणला नाहीत माझ्यासमोर," मी म्हटलं, "आणि हिचं मात्र पाठ झालं होय?" ह्यांनी मटार खाली ठेवले. "चांगलं लिहिलंय गं. काय करू? रागानं ऐकायला बसतो, आणि चांगलंच निघतं." एवढं बोलून बिचारे उठून गेले. त्या दिवशी मी दोघांचंही जळले, ह्यांच्या वाटचं तिच्यावर आणि माझ्या वाटचं ह्यांच्यावर.

वार्षिकोत्सवाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. हे गेले आणि पाहते तर कवळी चिकटवायची ट्यूब बेसिनवरच राहिली. नुसतं गाल फुगवतानासुद्धा ती सुटली तर? सगळ्या शाळेसमोर? मी ट्यूब रुमालात गुंडाळली, रिक्षा केली आणि शाळा गाठली. हॉलच्या मागच्या दारातून आत शिरले तर तालीम सुरू झालेली. स्टेजवर अर्धगोलात पोरं, मधोमध पांढऱ्या केसांचे एकटे हे, मांडीवर युफोनियम, आणि समोर शमिका. छडी हलली आणि ह्यांचे गाल फुगले. इतके छान फुगले की मलाच क्षणभर वाटलं, वाजवताहेत.

ती रचना पुढे सरकत होती. चांगली होती मेली, मी खोटं नाही बोलणार. मग सगळे हळूहळू थांबले आणि त्या पाचांची जागा आली. क्लॅरिनेटमधून दिव्यांशी शेखावत, जिला हे दोन वर्षं "फुंकू नकोस" सांगत आले, तिनं एक सूर फुंकला. तिचा संपतो न संपतो तोच दुसऱ्या टोकाच्या पोरानं दुसरा. मग मागून तिसरा, मग चौथा, पाचवा, आणि पुन्हा दिव्यांशी. प्रत्येकाचा एकच सूर, पण आपली पाळी आली की बरोबर तेवढाच. आणि त्या पाचांच्या हातातून हातात जात, सावकाश, ओझं घेऊन चढल्यासारखी एक चाल वर वर निघाली.

खंबाटकी!

मी हॉलच्या मागे उभी, हातात कवळीची ट्यूब, आणि तोंडावर हात. चढाचे पाच सूर होते ते, पंचवीस वर्षं ऐकलेले. एकेका पानावर बघितलं तर काहीच नव्हतं, सगळी पानं एकत्र वाजल्याशिवाय कळणारच नव्हतं, आणि ह्यांनी त्या पाचांना कधी वाजवायला लावलंच नव्हतं. स्टेजवर हे बोटं हलवायचे थांबले होते. गाल मात्र तसेच फुगलेले राहिले, खाली घ्यायचं भानच नव्हतं.

तालीम संपली, पोरं पांगली. मी रुमाल घेऊन स्टेजवर गेले तर शमिका ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली होती. अगदी हळू म्हणाली, "सर, तुम्ही वाजवत नव्हता."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चुगली केली होती. मी नाही म्हणून मान हलवली.

"काकूंनी नाही सांगितलं. मला दिसतं ना. गाल फुगतात, पण पोट हलत नाही." आणि मग तिनं ह्यांच्याच आवाजात म्हटलं, "बोटं हलव, गाल फुगव, फुंकू नकोस. क्लॅरिनेट, मागची रांग. मी तीन वर्षं होते, सर. खंबाटकी तीनदा स्टेजवर केली. एकदाही वाजवली नाही."

हे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ओळख पटेना. कशी पटणार? फुंकणाऱ्या पोरांची नावं ह्यांना आजही पाठ आहेत, सायलेंटवाल्यांची कधी विचारलीच नव्हती.

"राग नाही आला तुला?" मीच विचारलं.

"आला ना काकू. मतलब, खूप. जलन व्हायची. माझ्या बाजूची मुलगी फुंकायची ना, तिला बघून मी रडायचे घरी. मग काय करणार, ऐकत उभी राहायचे. आपण गप्प असलो की सगळ्यांचं ऐकू येतं. हॉर्न काय वाजवतो, सरांचं युफोनियम कुठे शिरतं, ढोल कधी येतो. घरी जाऊन सगळं लिहून काढायचे. तसंच शिकले मी."

तिनं "जलन" म्हटलं आणि माझी पंचाईत झाली. ह्या विषयात मी इतके दिवस स्वतःलाच मोठी समजत होते, आणि ही तर लहानपणापासून माझ्या पुढची निघाली. इतके कष्ट घेऊन जमवलेला राग, आता ठेवू कुठे?

तिनं पर्समधून पेन्सिल काढली, ह्यांच्या पानावरची त्या जागेतली गप्प राहायची खूण खोडली आणि एकच जाडा, लांब, खालचा सूर लिहिला. "हा खालचा आहे सर, याला दाब लागत नाही. ते पाच जण चढतील, तुम्ही त्यांच्या खाली रहा. नाही आला तर बोटं हलवा, कोणाला कळणार नाही. पण फुंकून बघा."

ह्यांचे कान लाल झाले. एवढंच म्हणाले, "श्वास घ्यायला जागा कुठे ठेवलीस?" तिनं बोटानं दाखवली.

वार्षिकोत्सवाला मी इस्त्री केलेला गणवेश घालून, नवा फेटा चढवून हे बसले. मी चौथ्या रांगेत. ती जागा आली. दिव्यांशीनं पहिला सूर दिला, दुसऱ्यानं दुसरा, आणि त्यांच्या खालून नुसती हवा आली. फस्स्. मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. ह्यांनी श्वास घेतला, तिनं ठेवलेल्या जागी, आणि पुन्हा फुंकलं. ह्या वेळी सूर आला. घोगरा होता, कापत होता, पण होता. दुसऱ्या फेरीत दिव्यांशीचं क्लॅरिनेट चिरकलं, तरी कोणी डोळे वटारले नाहीत, आणि खंबाटकी माथ्यावर पोचली. टाळ्या पडल्या तेव्हा शमिकानं आधी त्या पाचांना उभं केलं, मग ह्यांना. हे लोकांकडे बघेचनात. एकेका सायलेंटवाल्यापाशी जाऊन वाकून काहीतरी विचारत होते. नंतर मला कळलं, नावं विचारत होते.

सगळे रडत होते. मीही रडले असते, पण मला बाई वेगळंच झालं. पुन्हा आग भडकली आतून, आणि ह्या वेळी शमिकावर नव्हे. घरी येऊन चहा ठेवला आणि मी फेटा उतरवणाऱ्या ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"त्या पाचांना एकेक सूर मिळाला. तुम्हाला मिळाला. आणि मी?"

"तू काय?"

"मी काय! गणवेश कोणी धुतले? ट्यूब घेऊन कोण धावलं? पंचवीस वर्षं एका खोलीत राहते मी त्या वाद्याबरोबर, आणि मला नुसतं पुसायलासुद्धा मनाई. कधी एकदा तरी विचारलंत, सुनेत्रा, तुला फुंकून बघायचंय का म्हणून?"

"तुला?" हे म्हणाले. खरोखर आश्चर्यानं म्हणाले, त्याचाच मला जास्त राग आला. मग चहा घेऊन गॅलरीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मशीनवर उशीचा अभ्रा शिवत बसले होते. हे युफोनियम घेऊन आले, मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि काही न बोलता ते माझ्या मांडीवर ठेवलं. केवढं जड! पितळ उन्हानं कोमट झालेलं. समोरच्या गॅलरीत भार्गवजी पेपर वाचत होते. म्हटलं, आता माघार नाही. ह्या घरात राहून जे शिकले होते ते सगळं केलं. बोटं तीन कळांवर ठेवली, ओठ लावले आणि गाल चांगले टम्म फुगवले.

ह्यांनी एक बोट माझ्या गालावर ठेवलं आणि हलकेच दाबलं.

"गाल नको फुगवूस," म्हणाले. "फुंक."